रादोस्वेताची मापं

वही अजून माझ्याकडे आहे.
पहिल्या पानावर: वय सहा, छाती सत्तावन्न, कंबर बावन्न,
आणि समासात पेन्सिलीने, गुदगुल्या होतात, फार हलते.

पेर्निकमध्ये तेव्हा वाळत घातलेल्या चादरींना
कोळशाची काळी किनार यायची.
तिची आई खाणीच्या कॅन्टीनमध्ये ताटं विसळायची.
पैशांऐवजी बरण्या आणायची,
भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी,
एका पोशाखामागे बारा.
मी काचेचे खडे शिवायचे,
ती काच भरून द्यायची,
हिशेब फिटायचा.

वय नऊ, कंबर त्रेपन्न.
वय अकरा, कंबर त्रेपन्न.
उंची मात्र द्राक्षवेलीसारखी, आधार दिसेल तिकडे.
इल्कोवाबाई माझ्या हातातली टेप घेऊन स्वतः आवळायच्या
आणि आकडा मोठ्याने वाचायच्या, सगळ्या मुलींसमोर.
एकदा मी एक सेंटिमीटर खोटा लिहिला.
त्या वहीत तेवढंच पाप केलंय,
आणि त्याचं मला अजून बरं वाटतं.

सोळाव्या वर्षी साडेतीन हजार खडे,
अकरा रात्री.
टीव्हीवर ती दीड मिनिट दिसली.
चेंडू दंडावरून मानेवर, मानेवरून दुसऱ्या दंडावर,
जसा काही सगळा उतार त्याच्या पायाखालचाच.
समालोचक म्हणाला, हिला हाडंच नाहीत.
होती.
डाव्या तळव्यातलं एक तर तडकलेलं होतं,
त्या अर्ध्या बुटात मी आतून लोकर लावली होती,
नियमात बसेल एवढीच.

मग ते परक्या शहरातलं सभागृह,
छतातून सोडलेला थंड वारा.
सहा मीटर रिबन.
नागमोडी, भोवरा, पुन्हा नागमोडी,
आणि हवेतल्या हवेत
गाठ.

जन्मभर मी गाठी सोडवल्यात,
सुईने, दातांनी, शिव्या देऊन.
पण ती दोन हजार किलोमीटरवर,
संगीत थांबायला तयार नाही,
आणि मी पडद्यापुढे बोटं हलवत बसलेली वेड्यासारखी:
इकडून ओढ, नाही, ते नको, दुसरं टोक, दुसरं.
तिने गाठ तशीच राहू दिली.
आखूड झालेल्या रिबनीवर उरलेले चाळीस सेकंद काढले,
जणू नाच तेवढ्याच लांबीचा बसवला होता.
अकरावी आली.
परतीच्या विमानात इल्कोवाबाई तिच्याशी बोलल्या नाहीत म्हणे.

वय एकवीस. दोन ऑपरेशनं. पान कोरं.

काल दारात उभी, हातात कोट.
काखेत घट्ट होतोय, उसवून देतेस का?
हल्ली दातांच्या दवाखान्यात फोन घेते,
शनिवारी चिमुरड्यांना चेंडू धरायला शिकवते,
म्हणजे बहुतेक वेळ त्यांची नाकं पुसते.

टेप लावली तर पोट आत ओढून उभी,
टाचा उचललेल्या, हनुवटी वर.
सोड, म्हटलं.
सोडलंय, म्हणाली.
सोड गं बाई, इथे कोणी नाही.
बराच वेळ लागला तिला.
कंबर बहात्तर.
मी मोठ्याने वाचलं.

जाताना बरणी ठेवून गेली.
मिरच्या जरा जास्तच भाजल्या गेल्यात, आईचा हात नाही.
अजून उघडलेली नाही.
कोट शुक्रवारी मिळेल, सांगितलंय.