खालीलपैकी कोणते चुकीचे नाही

असल्फ्याच्या टेकडीवर आमच्या पाण्याच्या टाकीवरून
दर दोन-तीन मिनिटांनी एक विमान चाकं सोडून उतरतं.
त्याच्या पोटाकडे बघत मी
सतरावा प्रश्न वाचते:
खालीलपैकी कोणते विधान चुकीचे नाही?

'चुकीचे'खाली रेघ. 'नाही'भोवती गोल.
पगधरे सर म्हणतात, आधी नकार मोजायचे.
एक असला तर उत्तर उलटं,
दोन असले तर एकमेकांना खातात,
तीन असले तर पाणी प्या.

सर अठरा वर्षं उडाले, आता घाटकोपरला
झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत शिकवतात.
वारा साधा असतो, म्हणतात,
जिथून येतो तिथलं नाव सांगतो.
लबाडी पेपर काढणाऱ्याची.
एका प्रश्नात 'कुठून', पुढच्यात 'कुठे',
आणि घाईत तुम्ही एकशे ऐंशी अंश चुकता.

मतलई कुठला, खारा कुठला,
मला शाळेपासून पाठ.
मागच्या खेपेला नेमका तोच चुकला.
'रात्री' लिहिलं होतं, मी 'रात्री नव्हे' वाचलं.
नसलेले नकारही दिसायला लागले होते तेव्हा.
सत्तर लागतात. अडुसष्ट पडले.

कमी दाबाकडे जाताना
अल्टिमीटर असते त्याहून जास्त उंची दाखवतो.
म्हणजे वाटतं त्याहून आपण खाली असतो.
हे एकच वाक्य मला कधी
मराठीत फिरवून बघावं लागलं नाही.

आज निकाल. बाबांचा फोन धावपट्टीजवळून,
सामान चढवता चढवता:
"नापास तर नाही ना झालीस?"

यात नकार किती धरायचे?
'ना' मोजायचा का?
'हो' म्हटलं तर झाले, की नाही झाले?
'नाही' म्हटलं तर त्यांना कुठला 'नाही' ऐकू येईल?

तेवढ्यात टाकीवरून एक जातं.
आम्ही दोघं गप्प.
विमान जाईपर्यंत असल्फ्यात कुणी उत्तर देत नाही.
मग अर्ध्या मिनिटाने तेच विमान
त्यांच्या फोनमध्ये उतरतं,
आणि पुन्हा गप्प.

"बोल गं. किती पडले?"

एकही नकार नाही. मी दोनदा मोजले.
"एकाहत्तर," मी म्हणते.

"शंभरातले?"
"हो."

पट्ट्यावरून बॅगा घसरल्याचा आवाज.
"मग एकोणतीस कुठे गेले?"