कुलुपाचा आकडा

सप्टेंबरात टेबल मांडलं तेव्हा
एकसष्ट नावं आली वहीत.
फुकटचे टोमॅटो होते, शेवटचे,
आणि ऊन होतं, डंडीच्या मानाने बरंच.
नव्याचे नऊ दिवस सरायला
नववा दिवस लागला नाही.
ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही सहा,
घड्याळं तासभर मागे गेली तेव्हा तीन:
मी, मॉर्व्हन, आणि चिडूबेम,
जो दंतवैद्यक शिकतो
आणि मातीला हात लावण्याआधी
हातमोजे चढवतो, एकावर एक दोन.

बाग म्हणजे वसतिगृहामागचा उतार,
अकरा वाफे, एक शेड,
पावसाच्या पाण्याचं निळं पिंप.
खाली टे नदी. पुलावरची गाडी
दुपारी साडेतीनलाच दिवे लावून जाते.
लेक्चर संपवून यावं तर अंधार,
मग कपाळाला टॉर्च बांधून लीक उपटायचे.

हिवाळ्यात बाग चालवणं म्हणजे
बरंचसं काही न करणं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
ओल्या वाफ्यात पाय द्यायचा नाही.
वाळकी देठं कापायची नाहीत, त्यांत किडे झोपलेत.
केलवर जाळी टाकायची,
कबुतरं ती उचकटणार, पुन्हा टाकायची.
युनियनला बावीस पौंडांचा हिशेब द्यायचा
आणि ‘सदस्यसंख्या’ या रकान्यापाशी अडून बसायचं.
मी एकसष्ट लिहिलं.
खोटं नव्हतं.

नोव्हेंबरात लसूण लावला.
मॉर्व्हन लुईस बेटावरची,
तिथे वाऱ्यापुढे झाडंसुद्धा उभी राहत नाहीत.
ती पाकळ्या सोलायलाच बसली.
म्हटलं, थांब, साल राहू दे,
टोक वर, बूड खाली.
आमच्याकडे हिला कुडी म्हणतात.
आणि देहालाही कुडीच.
तिने तळहातावरच्या कुडीकडे पाहिलं,
मग आपल्या निळ्या पडलेल्या बोटांकडे,
म्हणाली, हिला निदान कोट तरी आहे.

ख्रिसमसला सगळे घरी गेले.
माझं तिकीट परवडणारं नव्हतं.
पिंपावरचा बर्फ मी कुदळीच्या दांड्याने फोडला,
पाणी हवं होतं कुणाला? कुणालाच नाही.
मग कंपोस्टच्या ढिगात हात खुपसला, कोपरापर्यंत.
चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं,
ते सप्टेंबरातले टोमॅटोचे वेल,
आणि आत ऊब.
अख्ख्या वसतिगृहाच्या आवारात त्या दिवशी
हीटर चालू असलेली तेवढीच खोली.
आईचा फोन आला, काय करतेस?
शेकतेय, म्हटलं.
तिला वाटलं, शेकोटी.

फेब्रुवारीत बर्फ वितळलं तशी
हिरवी टोकं दिसली.
चिडूबेमने गुडघ्यांवर बसून, एका हातमोज्याने,
रांगेरांगेने मोजली:
एकशेवीसपैकी चौऱ्याण्णव.
दात येतायत, म्हणाला,
आणि पोकळ जागांवर बराच वेळ बोट ठेवून राहिला.

लसूण निघेल जुलैत.
जुलैत मी इथे नसेन, मॉर्व्हनही नाही.
शेडमध्ये खिळ्याला टांगलेली जुडी,
जिच्यातले दोन गड्डे आम्ही रोज डाळीत संपवले,
तीही कुणीतरी लावून निघून गेलेली.
लेबलावर पेन्सिलचं अर्धं नाव: अॅग्न्ये...
पुढचं पावसाने नेलं.

परवा नवी वही आणली.
पहिल्या पानावर कुणाचं नाव घालावं सुचेना,
तेव्हा फक्त एवढं लिहिलं:

कुलुपाचा आकडा तोच, १९०६,
का, ते विचारू नये, आम्हालाही ठाऊक नाही.
थंडीत अडकतं.
जोर लावायचा नाही.
दोन्ही हातांत धरून
तोंडाची वाफ द्यायची,
उघडतं.