एकोणीस मिनिटं

रात्रीचा आठवा दिवस.
इथं हे वाक्य चुकीचं नाही.
रात्र चौदा दिवस चालते,
आणि श्टेइनुन्न वहीतल्या रेघांवर एकेक काट मारत जाते.

बाहेर उणे एकशे सत्तर.
वादळांचा समुद्र म्हणतात या पठाराला.
वादळ नाही, समुद्र नाही,
नुसती राख,
कुणीच कधी न पेटवलेल्या चुलीची.

पृथ्वीवरून आणलेल्या बॅटऱ्या
मागच्याच रात्री गेल्या, एकीपाठोपाठ एक, न कुरकुरता.
आता जे आहे ते इथलंच.

दिवसभर, म्हणजे दोन आठवडे,
आरशांनी ऊन गोळा केलं, माती भाजली,
सहाशे बारा विटा पाडल्या
आणि लाल असतानाच पुरून ठेवल्या त्याच मातीत,
जसा विस्तव राखेखाली झाकतात
सकाळी शेजारी मागायला जावं लागू नये म्हणून.
इथला शेजार पावणेचार लाख किलोमीटरच्या पलीकडे.

श्टेइनुन्नचे वडील आइसलंडच्या पूर्व किनाऱ्यावर
ॲल्युमिनियमच्या भट्टीवर होते.
त्यांच्याकडून तिनं एकच गोष्ट आणली:
वितळलेल्या दगडाकडे डोळे किलकिले करून बघायचं
आणि नुसत्या रंगावरून सांगायचं, झालाय, काढा.
दगडातून निघतो तो श्वास आम्ही घेतो.
उरतं ते लोखंड, तारांपुरतं ॲल्युमिनियम,
आणि खरवडीसारखं काळं सिलिकॉन.
त्याचा पातळ थर काचेवर चढवायला निर्वात पोकळी लागते.
ती मात्र दाराबाहेर, हवी तेवढी, फुकट.

पहिल्या काचांनी शंभरातलं एक ऊन धरलं.
येर्केबुलान म्हणाला,
माझ्या काकाची आंधळी घोडी याहून बरी होती.
आता सहा धरतात. सहाच.
पण जमीन इथं कुणी मोजून दिलेली नाही.
यंत्र रांगत जातं, मागे काच अंथरत,
परत यायची घाई नसल्यासारखं.

रात्री काचा आंधळ्या. रात्र विटांची.
एका अंगाला त्यांची धग,
दुसऱ्या अंगाला बाहेरचा गारठा,
मध्ये एक दट्ट्या, पुढे-मागे, पुढे-मागे.
गारठ्याचंही सरपण होतं
हे मला इथं येईपर्यंत माहीत नव्हतं.

पहिली वीज कशाला द्यायची, यावर वाद झाला.
पृथ्वीवरून निरोप होता: रेडिओला.
लिओकादिया म्हणाली, माझ्या रोपांना.
येर्केबुलान काही बोलला नाही.
त्यानं किटली लावली.

एकोणीस मिनिटं.
हवेचा दाब कमी, पाणी लवकर उकळतं इथं,
तरी एकोणीस.
चौघं किटलीभोवती उभे,
बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभे राहतात तसे.
मग झाकण थरथरलं.

खिडकीत पृथ्वी पुरती भरलेली.
म्हणजे तिकडे अमावस्या.
तिथून कुणी वर पाहिलं असेल
तर त्याला काहीच दिसलं नसेल,
ना उसना उजेड, ना आमचा.

लिओकादियानं पेला नुसता धरून ठेवला बराच वेळ.
चहाला किंचित बंदुकीच्या दारूचा वास.
तो इथं सगळ्यालाच येतो.

श्टेइनुन्ननं वहीत लिहिलं:
विटा चारशे अकरा अंश.
खर्च, एक किटली.
थोडं थांबून, त्याखाली:
साखर संपत आलीय.