मधला खटका

खानावळ बंद केली त्या वर्षी
कढया विकून ही ओम्नी घेतली, चौथ्या हाताची.
मागच्या काचेवर कोणाच्या तरी लेकीचं नाव
अर्धं खरवडलेलं. णाली, एवढंच उरलं आहे.
मानेवाड्याहून शाळेत आठ पोरं न्यायची, आठ आणायची,
आणि पेट्रोल असं प्यायची
की वीस तारखेनंतर वही उघडायला हात धजेना.

ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे, गल्लीत, भैयाजी निखारे.
आडनाव निखारे आणि धंदा गॅसचा!
मी हसले. तो नाही हसला.
रोज कोणीतरी हसतंच म्हणे.

बाप त्याचा गोळीबार चौकात मागावर बसायचा.
हा गाडीच्या पोटाखाली उताणा निजून
तांब्याची नळी ओवत होता
टाकीपासून इंजिनापर्यंत, कुठं पीळ न पडू देता.
मे महिना. कूलरात पाणी कमी, वाळ्याचा वास जास्त.

"टाकीत हा पातळ राह्यते बाई, पाण्यावानी.
इथं त्याची हवा होते, अन् होता होता थंड पडते.
म्हणून इंजिनाचं गरम पाणी याच्याभोवतून फिरवाचं."
ठाऊक आहे, म्हटलं.
लग्नसराईत दोन भट्ट्या एकदम पेटवल्या
की सिलिंडरच्या बुडाशी पांढरं बर्फ धरायचं.
आम्ही त्याला गरम पाण्याच्या घमेल्यात उभा करायचो,
सर्दी झालेल्या सासऱ्यासारखा.
तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"झालं," म्हणाला, हात पुसत.
मी साबण मागितला.
"मशीन लावून पाह्यलं नं बाप्पा!"
तरी मागितला.
चहाच्या ग्लासात फेस केला, बोटानं लावत गेले
एकेका सांध्याला, वीस वर्षं रेग्युलेटरला लावला तसा.
चौथा सांधा, मागच्या सीटच्या खाली,
जिथं पहिलीतली ऋग्वेदी बसते, पाय अधांतरी ठेवून,
तिथं एक बुडबुडा.
मोहरीएवढा. मग हरभऱ्याएवढा.
मग फुटला.
दुसरा धरू लागला.

कोणी बोललं नाही.
तो पुन्हा खाली गेला. बोटभर नळी कापली,
तोंड नव्यानं फुलवलं, आवळलं.
शंभर रुपये कमी घेतले, मी न म्हणता.

मग खटका दाखवला, स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला.
वर पेट्रोल, खाली गॅस. मधात काहीच नाही.
मधात कायले?
"वाटीतलं पेट्रोल सरू द्याचं पहिले.
दोन्ही एकदम गेलं तर इंजिन गुदमरते.
मधात ठेवाचं, चालू द्याची.
आचके देईन, तेव्हा खाली पाडाचा.
भेवाचं नाही."

कामठी रोडला लागले आणि मधात ठेवला.
गाडी चालत राहिली, उरल्यासुरल्यावर.
मला ते दोन महिने आठवले:
कढया गेलेल्या, लायसन आलेलं नाही,
पहाटे चारला आपसूक जाग,
आणि चाळीस माणसांची कणीक मळायला आलेले हात
चादरीवर तसेच.

इंदोऱ्याच्या अलीकडे पहिला आचका.
मागून ई-रिक्षावाला ओरडला.
दुसरा आचका. थांबले.
तिसऱ्याला खाली पाडला.
एक क्षण काहीच नाही,
मग आवाज आला, जरा बारीक,
बर्नर सिमवर केल्यासारखा.

आर.सी. बुकात नोंद व्हायला सतरा दिवस लागले.
तोवर गाडी दारातच. शाळा तरी कुठं उघडल्या होत्या.

आता रोज पोरं यायच्या आधी
चारही दारं उघडते, वाकून
चौथ्या सांध्याला नाक लावते.
रबराचा वास, कालच्या चिवड्याचा, धुळीचा.
बाकी काही नाही.
मग निघते.

टाकीनं जागा घेतली, म्हणून स्टेपनी जिन्याखाली पडून आहे.
तिच्यात मांजर व्यायली.
पंक्चर झालं तर काय करायचं
ते अजून ठरलेलं नाही.