टेकू

केंटकीच्या डोंगरात, जिथे फोनची रेंज जाते
आणि खाणी बंद पडून जमाना झाला,
तिथल्या दुकानांतून मी आणि डेल्मर धूळ शोधत फिरतो.
धूळ जितकी जाड, तितकी बाटली जुनी.

म्हाताऱ्या व्हर्नाच्या फळीवर काहीच नव्हतं.
निघताना डेल्मरनं माझं कोपर दाबलं :
दार उघडं राहावं म्हणून टेकू दिलेली बाटली,
कधीच मोडून विकलेल्या भट्टीची, सील शाबूत,
लेबल उन्हानं चहात बुडवल्यासारखं.

"ती होय? एकोणीस डॉलर लिहिलेत, एकोणीस द्या.
आमचे हे शुक्रवारी घ्यायचे. म्हणायचे, ठीक आहे."

आम्ही चेहरे कोरे ठेवले.
गाडीत बसेपर्यंत एक शब्द नाही.
आरशात दिसलं, दार आपोआप मिटलं,
पुन्हा उघडलं, आणि ती पायानं ते अडवून
इकडेतिकडे बघत उभी.

रात्री रॉयसच्या गॅरेजात सहा जण,
औषधाच्या कुप्यांत नमुने, वह्या, पेन्सिली.
पाण्याचा एक थेंब, मग नाक.
रॉयस म्हणाला, खोगीर. भिजलेलं नव्हे, वाळलेलं.
डेल्मरला चेरी लागली, मागाहून चेरीची बी.
कुणी म्हणालं, शहात्तरची याहून गोल होती,
आणि त्यावर दोन वाजेपर्यंत भांडण.

माझी पाळी आली. घोट जिभेखाली धरून ठेवला.
ठीक आहे, म्हणालो.
सगळे हसले.

वहीतला तो रकाना अजून कोराच आहे.
शनिवारी पुन्हा तिकडूनच जायचंय.
डिकीत एक वीट टाकून ठेवलीय,
डेल्मरला सांगितलेलं नाही.