डावीकडचा डबा

नगरपालिकेच्या दारूदुकानाचा निकाल
गावानंच लावायचा ठरला, तेव्हा
तंबाखूच्या वखारीतून दोन डबे आणले,
झाकण काढलं की खोकला यायचा.
एकावर : पाहिजे, बेकु.
एकावर : नको, बेड.
वर कुठली भाषा आणि खाली कुठली
यातच कचेरीची एक दुपार गेली.

घरपट्टी ज्याच्या नावावर, मत त्याचं.
आमच्यातून म्हणून आत्या गेली, चंद्राव्वा,
पावती पदराच्या गाठीत.
अप्पा शिडीशेजारी भिंतीला टेकून बसलेले.
ते गावचे दिवे लावायचे.
रॉकेल दुकानाच्या पैशातलं,
पगार दुकानाच्या पैशातला,
निम्मा पगार परत दुकानात.
"बघ बाई," म्हणाले.
काय बघ, ते नाही सांगितलं.

अकरा मतांनी दुकान गेलं.
हलगी वाजली, वेशीपर्यंत गुलाल.
पुढच्या अवसेला
बेचाळीस दिव्यांतले सहाच पेटले.

किती वर्षांनी, भाकरी थापता थापता
आत्या म्हणाली :
"मला कुठली अक्षरं येत होती गं?
शिपायाला विचारलं, तो म्हणाला
नको असेल तर डावीकडं.
पण तो माझ्याकडं तोंड करून उभा होता."
आणि तिनं भाकरी उलटली.

अप्पा मात्र संध्याकाळी
शिडी घेऊन निघतच राहिले.
तेल नसलेल्या खांबावर चढायचे,
काच पुसायचे धोतराच्या सोग्यानं,
उतरायचे.
पुढच्या खांबाकडं.