जास्तीचा साचा

दोन्या एदुविना मिय्यालोंको,
वय चौऱ्याऐंशी, यादीत एक्केचाळिसावी.
नोंदवही माझ्याकडे असते,
म्हणून शिव्याही माझ्याकडेच येतात.

दातांची बोट चिलोएच्या या बेटावर वर्षातून दोनदा येते,
म्हणजे कागदावर दोनदा.
गेल्या मार्चात आली, तर यंत्र बिघडलेलं.
सप्टेंबरात वारा, आरमाराने बंदरच बंद ठेवलं.
कास्त्रोला जायचं तर सहा तास, भाडं,
आणि मेंढ्या कोण बघणार?
'वर पत्रं लिहून लिहून दातांच्या कण्या झाल्या,' मी म्हणालो.
'कण्या तरी आहेत तुझ्याकडे,' ती म्हणाली. 'दाखव.'

सफरचंदं पिकली.
झाडाखाली इतका सडा, की डुकरंही कंटाळली.
ती चमच्याने खरवडून खाते, तान्ह्याला भरवतात तसं,
फक्त भरवणारी आणि खाणारी एकच.
उरलेली शेवटची दाढ तिने स्वतःच काढली,
जाळ्याचा दोरा चुलीच्या दाराला बांधून.
मला कळलं गाल सुजल्यावर.
अंगात ताप होता, आणि मी देऊन देऊन काय देणार,
गोळ्या.

मग मार्चात समुद्र निजला. बोट लागली.
डॉक्टर यास्ना, नुकतीच शिकून आलेली, कपाळाला दिवा.
एदुविनाने पिशवीतून बरणी काढली.
बरणीत पाणी, पाण्यात रोसेंदोची कवळी.
सहा वर्षं रोज रात्री ती पाणी बदलत होती.
'हीच बसवा, जरा घासून.
माणूस गरीब होता. त्याचे दात मला चावायचे नाहीत.'

यास्ना हसली नाही.
दोन्ही हातांनी बरणी घेतली, दोन्ही हातांनी परत दिली.
म्हणाली, प्रत्येक तोंडाचा उतार वेगळा असतो, आजी,
एकाचं दार दुसऱ्याच्या चौकटीत बसत नाही.
मग गुलाबी लगदा कालवला. 'आता चावा.'
म्हातारी चावली.
कशाने, ते विचारू नका. चावली,
डोळे मिटून, खुर्चीचे हात घट्ट धरून.

हे झालं माप. पुढे मेण, मग दात,
मग टोचेल तिथे घासणं.
तिने बोटांवर बोटी मोजल्या:
सप्टेंबर, मार्च, सप्टेंबर,
आणि मध्ये एखादा वारा.
मूठ मिटली.
'शहाऐंशी,' एवढंच म्हणाली
आणि बरणी पिशवीत ठेवून धक्क्याने वर गेली.

प्लास्टरचा एक साचा कास्त्रोला गेला.
जास्तीचा माझ्या फडताळावर राहिला,
लशींच्या नोंदींशेजारी, घोड्याच्या नालासारखा.
दर मंगळवारी ती रक्तदाब मोजायला येते.
दंडाला पट्टा असतानाच मान वळवून त्याच्याकडे बघते.
'काही बोललं का ते?'
मी म्हणतो, नाही.
'मग माझं नसेल.'